वजनाचा कांटा आणि पायडलाचा दांडा

आमच्या वार्षिकाच्या संपादकांनीं 'विलायतेच्या प्रवासावर कांहीं लिहा' असा आग्रह धरला, तेव्हां त्यांच्या मनांत तेथील राजवाडे, पूल, संग्रहालयें असें कांहीं तरी असावें. त्यांची निराशा करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मँचेस्टर येथें आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं जे सहा आठवडे आम्हीं घालविले, त्यांतून कायमची मनांत राहिलेली गोष्ट राजवाड्याची नसून वीतभरही लांबी नसलेल्या एका धातूच्या दांड्याची आहे.

आपल्या सायकलीचें पायडल ज्या दांड्याच्या टोंकास बसविलेलें असतें, तो हा दांडा. दुकानांत त्यास क्रँक म्हणतात. आपल्या साध्या काळ्या सायकलीवर तो भरीव असून कॉटरपिनेनें आंसास जखडलेला असतो. पिन ढिली झाली कीं पायडल प्रत्येक फेऱ्यास कसें टकटक करतें, हें सायकलीवरून शाळेस येणाऱ्या मुलांस सांगावयास नकोच.

आमच्या पुतण्याची सायकल मात्र या जातीची नव्हे. तो तेरा वर्षांचा असून त्यास बी. एम. एक्स. शर्यतीचें वेड आहे. हा खेळ १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत मुलांनींच काढला. मोटारसायकलींच्या मातींतील शर्यती पाहून त्यांनीं आपल्या वीस इंची चाकांच्या सायकली उंचवट्यांवरून पळविण्यास सुरुवात केली; आणि २००८ सालीं बेजिंग येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें जाऊन पोंचला. आठ स्वार एका उताराच्या माथ्यावर फाटकाशीं उभे राहतात. फाटक पडतांच सर्व एकदम सुटतात, आणि मातीचे उंचवटे व वळणें ओलांडीत तीनचारशें मीटरांचें अंतर चाळीस सेकंदांच्या आंतबाहेर संपतें. गिअर एकच; ब्रेकही एकच, तो मागच्या चाकास. बैठक असते, परंतु शर्यतींत तिच्यावर कोणी बसत नाहीं.

मँचेस्टरच्या राष्ट्रीय सायकल केंद्रांत २०११ पासून छपराखालील असा एक मार्ग आहे. २०२१ सालीं टोकियो येथें ब्रिटनच्या बेथनी श्रीव्हर हिनें सुवर्णपदक व काय व्हाइट यानें रौप्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या पुतण्यास दुसरें कांहीं सुचत नाहीं. श्रीव्हर हिचें अनुदान थांबल्यावर तिनें शाळेंत अर्धवेळ साहाय्यिकेचें काम केलें व लोकांकडून वर्गणी जमवून आपली तयारी चालू ठेवली, ही हकीकत त्यानेंच आम्हांस पहिल्या दिवशीं सांगितली. एक शिक्षक या नात्यानें ती ऐकून आम्हांस बरें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं तो आमच्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "काका, माझा क्रँक फार जड आहे. बाकीच्या मुलांचे हलके आहेत. तुम्ही फिजिक्स शिकवतां ना? मग तुम्हीच सांगा, कुठला घेऊं?"

वीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास याहून गोड प्रश्न तो कोणता? सकाळीं वर्तमानपत्रें टाकून त्यानें ८० पौंड सांठविले होते. नवा चांगला क्रँक त्या पैशांत येण्यासारखा नव्हता. म्हणून जुना माल विकणाऱ्या एका दुकानांत आम्ही दोघे गेलों. तेथें अॅल्युमिनियमचा एक सुबक, चकचकीत क्रँक मिळाला. घरीं आणून केकचें पीठ मोजण्याच्या कांट्यावर आम्हीं तो ठेवला, आणि शेजारीं त्याचा जुना पोलादी क्रँक ठेवला. नवा २५० ग्रॅमनें हलका भरला! शिवाय जुन्याची लांबी १६५ मिलिमीटर होती, तर याची १८०. तरफेचा नियम आठवीच्या मुलासही ठाऊक असतो: भुजा जितकी लांब, तितका जोर अधिक. आम्हीं कागदावर हिशेब करून दाखविला कीं, त्याच पायांत शेंकडा नऊ जोर फुकट मिळाला. पुतण्या आनंदानें नाचूं लागला. भाऊ मात्र रात्रपाळीस निघतां निघतां एवढेंच म्हणाला, "दादा, क्लबांतल्या मिस्त्रीला एकदां दाखवा ना." आम्हीं हंसून ती सूचना बाजूस सारली.

पहिल्या दिवशीं फाटकापासून मुलगा खरोखरच चांगला सुटला. पण पहिल्या उंचवट्यापलीकडे, जेथें पूर्वीं तो इतरांस गांठीत असे, तेथें आतां मागें पडूं लागला. आम्हीं म्हटलें, संवय होईल. तिसऱ्या आठवड्यांत, सरावाच्या वेळीं फाटक पडलें, त्यानें सर्व बळ एकवटून डावा पाय दाबला, आणि दांडा पायडलाच्या भोंकापाशीं मोडला. मुलगा पुढच्या चाकावरून खालीं आला. मनगटाचें हाड मोडून सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला, आणि ज्या शर्यतीसाठीं त्यानें पैसे सांठविले होते ती बुडाली. रुग्णालयांतून परत येतांना तो आम्हांस म्हणाला, "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊं नका." त्या एका वाक्यानें आम्हांस जितकें वाईट वाटलें, तितकें कोणाच्या रागानेंही वाटलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं तो मोडका तुकडा रुमालांत बांधून आम्ही एकटेच क्लबांतील वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. त्यानें चष्मा सारखा करून तुटलेला भाग उजेडांत धरला. अर्धा भाग काळसर व गुळगुळीत, अर्धा चकचकीत व खरबरीत. तो म्हणाला, काळा भाग पूर्वींच तडकलेला होता. चकचकीत तेवढा काल तुटला. पोलादावर ठराविक मर्यादेच्या आंत ताण पडत राहिला, तर तें बहुधा वर्षानुवर्षें टिकतें. अॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. प्रत्येक दाबाची नोंद जणूं त्याच्या अंगांत होत जाते आणि केव्हां तरी हिशेब पुरा होतो. म्हणून त्याचें पूर्वचरित्र ठाऊक नसेल, तर जुना हलका क्रँक केवळ स्वस्त आहे म्हणून घेऊं नये.

नंतर त्यानें आमची दुसरी चूक दाखविली, ती लांबीची. पुढील चक्रास ४४ दांते व मागील चक्रास १६ असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत चाक पावणेतीन फेरे घेतें व सायकल सव्वाचार मीटरांच्या आसपास पुढें जाते. मिनिटास १५० फेरे झाले, तर वेग ताशीं ३८ किलोमीटरांच्या घरांत जातो. म्हणजे पायांनीं सेकंदास अडीच फेरे पुरे करावयाचे. १६५ मिलिमीटरांच्या क्रँकवर पाऊल एका फेऱ्यास १०४ सेंटिमीटर चालतें. १८० वर ११३. आम्हीं मुलास फाटकापाशीं शेंकडा नऊ जोर दिला खरा, परंतु पुढच्या प्रत्येक फेऱ्यास त्याच्या आंखूड पायांस नऊ सेंटिमीटर अधिक धांवावयास लाविलें. तरफ फुकट कांहीं देत नाहीं, जोर वाढतो तेवढें अंतर वाढतें, हें वाक्य फळ्यावर आम्हीं किती वेळां लिहिलें असेल! घरच्या मुलाच्या वेळीं नियमाचा पहिला अर्धा भाग तेवढा आठवला.

राहिला हलकेपणा. मुलाचें वजन ५२ किलो व सायकलीचें सुमारें ९. मिळून ६१ किलो. त्यांत २५० ग्रॅम म्हणजे हजारांत चार! शिवाय क्रँक चाकाच्या मानानें हळू व लहान वर्तुळांत फिरतो. तेंच वजन चाकाच्या कडेवरून कमी झालें असतें, तर फाटकापाशीं त्याचा अधिक उपयोग झाला असता. क्रँकमध्यें वजनापूर्वीं पाहावयाचा गुण म्हणजे ताठपणा. स्वार सर्व शक्तीनें पाय दाबतो तेव्हां दांडा किंवा मधला आंस किंचित् पिळला, तर तो दाब चाकापर्यंत जाण्यास क्षणाचा उशीर होतो. आणि जेथें आठ स्वार खांद्यास खांदा लावून सुटतात, तेथें क्षणासच मोल आहे.

मग हलकें आणि ताठ असें दोन्ही कसें साधतें? वजनाला वजन घेऊन पाहिलें तर पोलाद व अॅल्युमिनियम यांत ताठपणाचा फारसा फरक नाहीं. अॅल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकें हलकें, परंतु ताठपणाही जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचाच. खरी करामत आकाराची आहे. वर्तमानपत्राचा एक कागद घट्ट वळून काडी करा, तसाच दुसरा कागद सैल वळून रुंद नळी करा. कागद तितकाच, पण नळी सहजासहजीं वांकत नाहीं. धातूचेंही असेंच आहे. तितक्याच धातूची दुप्पट व्यासाची पातळ नळी केली, तर ती सुमारें चौपट ताठ होते. म्हणून चांगल्या क्रँकचा दांडा व आंस दोन्ही पोकळ व रुंद असतात. याला मर्यादाही आहे: नळी फार पातळ झाली तर आदळून पोचा येतो, आणि दांडा फार रुंद झाला तर घोट्यास घांसतो.

मिस्त्रीनें शेवटीं आम्हांस परीक्षा करावयास शिकविलें. सायकल एकानें धरावी, मागचा ब्रेक दाबावा, दोन्ही दांडे जमिनीस समांतर ठेवून दुसऱ्यानें पायडलांवर उभें राहावें, आणि दांडा व आंस किती लवतात तें पाहावें. त्यानंतर फडक्यानें सर्व पुसून पायडलाच्या भोंकाभोंवतीं व चक्र बसतें तेथें केंसाएवढी रेघ आहे काय, तें उजेडांत बारकाईनें शोधावें. करकर आवाज येऊं लागला तर तो कां येतो तें कळेपर्यंत स्वार होऊं नये. हें सर्व दहा मिनिटांचें काम. तें दुकानांतून परत आल्या दिवशीं केलें असतें, तर ती रेघ कदाचित् आमच्याच हातीं सांपडली असती.

निघण्यापूर्वीं आम्हीं आमच्या पैशांनीं नवा क्रँक घेऊन दिला: क्रोमोली पोलादाचा, पोकळ नळीचा, रुंद पोकळ आंसाचा, आणि लांबी १७० मिलिमीटर, कारण मुलगा वाढत आहे. मोडक्याहून तो जड आहे. आम्हीं तो कांट्यावर ठेवला नाहीं. मुलास जवळ बसवून सांगितलें, "बाळ, चूक माझी होती. मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. मी विचारलें नाहीं, एवढेंच." तो लाजला व प्लास्टरवर आमची सही मागूं लागला. ऑगस्टांत त्याचा फोन आला: पहिल्याच शर्यतींत आठांत चौथा. "काका, मागें कुणीच आलं नाहीं, म्हणजे चार जण आले!" असें त्याचें घाईचें, विलायती वळणाचें मराठी ऐकून आम्हीं पोटभर हंसून घेतलें.

सुटी संपून शाळा भरली. पहिल्या चांचणीच्या वह्या तपासण्यास बसलों असतां त्या कांट्याची आठवण झाली. हलकेपणा आम्हीं पाहिला, कारण तो मोजण्याचें साधन हातांत होतें. आंतली रेघ पाहिली नाहीं, कारण तिला शोधावें लागतें. वहीवरचे गुण आम्ही असेच एका दृष्टिक्षेपांत पाहतों, आणि ज्या मुलाचे गुण अचानक घसरले त्याची रेघ कोठें आहे हें शोधावयास दहा मिनिटें देत नाहीं. यंदा आम्ही तीं दहा मिनिटें देत आहों. आमच्या वाचक पालकांनींही घरीं, प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं, तीं द्यावींत, एवढीच विनंती.