सुरूवरचे बांडगूळ

न्यू साउथ वेल्समधील नदीकाठच्या सुरूखाली आज प्रातःकाळी उभा असता, जिला मी इतके दिवस त्या वृक्षाचीच लोंबती डहाळी समजत आलो, तिच्यातून तांबड्या फुलांचे त्रिकूट डोकावले आणि मी थबकलो. दोन काड्या तळहातावर घेऊन रुजुवात केली: सुरूची काडी पेरापेरांची, प्रत्येक पेरावर सूक्ष्म खवल्यांचे कडे, दुसरी पेरांवाचून सलग, किंचित मांसल, म्हणजे काडी नव्हेच, पान! वनस्पतिशास्त्रज्ञ केंबेज यांचे नाव धारण करणारे हे ‘अमायेमा केंबेजी’ बांडगूळ. फुलटोच्याच्या कुळातला पक्षी याचे चिकट बीज फांदीवर ठेवून जातो. पाणी यजमानाकडून घेऊनही अन्न स्वतःच्या हरित पर्णांत सिद्ध करणाऱ्या, आणि त्याचेच रूप इतक्या तन्मयतेने अंगीकारणाऱ्या या जिवास नुसते उपरे म्हणण्यास माझे मन धजावत नाही.