अकरा सेकंदांची जागा

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी ज्यांच्या कपाटात पडून आहेत त्यांना एक आग्रहाचं सांगणं आहे. बुरशी धरण्याआधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आमच्या लग्नाची, १९९६ सालची, व्हीएचएस कॅसेट मी नुकतीच उतरवून घेतली. पावणेतीन तासांचं चित्रण! लेकीच्या लग्नात, मेंदीच्या रात्री दाखवायला त्यातून वीस मिनिटांची फिल्म करायचं ठरलं आणि कापाकापी माझ्याकडे आली. मुलाने फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घालून दिलं, दोन संध्याकाळी शिकवलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

पडद्याच्या खालच्या भागात एक लांब पट्टी असते, ती टाइमलाइन. वरच्या रांगेत चित्रांचे तुकडे, खालच्या रांगेत आवाजाचे. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे पटकन उमगतं. वर कापड, खाली अस्तर. मधला तुकडा काढायच्या दोन रीती आहेत. एकीत तुकडा जातो, पण त्याची रिकामी जागा तशीच राहते आणि बाकीचं काही हलत नाही. दुसरीत पुढचे सगळे तुकडे मागे सरकून ती जागा बुजवतात. घाईच्या माणसाला ही दुसरी रीत फार सोयीची. अॅपलने २०११ साली आणलेल्या फायनल कट प्रो टेनची टाइमलाइन तर लोहचुंबकासारखी आपणहून भोक बुजवते. जागा राखायची असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. पूर्वी खरी फिल्म कापत, तेव्हा गेलेल्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच लांबीची कोरी फिल्म जोडत, म्हणजे सोबत चालणारी आवाजाची पट्टी चुकत नसे.

आता खरी अडचण सांगते. कॅसेटमध्ये दादाची पहिली बायको आहे. त्यांचा २००३ साली घटस्फोट झाला. आत्याचा लगेच फोन आला, "तिला काढून टाक गं बाई. शुभकार्यात कशाला ते? आणि नव्या वहिनीला काय वाटेल?" नवी वहिनी २००६ साली घरात आली, पण आत्याच्या लेखी ती अजून नवीच.

बहुतेक ठिकाणी काढणं सोपं होतं. पंगतीत, आहेराच्या रांगेत ती होती, ते भाग तसेही वगळायचेच होते. अडलं एकाच जागी. मी गौरीहरापाशी बसले आहे आणि ती माझ्या मुंडावळ्या बांधते आहे. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून आईचा आवाज येतो, "अगं, जरा सैल बांध. तिचं डोकं दुखतं लगेच." मग बांगड्यांची किणकिण, कुणाचं तरी हसणं. एवढंच. अकरा सेकंद.

आई १९९९ साली गेली. कॅमेरा दिसला की ती खांबाआड जायची. पावणेतीन तासांत तिचा आवाज येतो तो फक्त इथे, आणि दुसरीकडे कुठेही तो आमच्यापाशी नाही.

चित्र आणि आवाज दोन्ही काढले तर आई जाणार. नुसतं चित्र काढून जागा बुजवली तर पुढची सगळी चित्रं अकरा सेकंद आधी येणार. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे २७५ चित्रांचा फरक! चारपाच चित्रं पुढेमागे झाली तरी बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. इथे तर अंतरपाट आधी दूर झाला असता आणि भटजींचं 'सावधान' मागून आलं असतं. पुढच्या चित्रात मामा फेटा बांधताहेत, आईचं 'सैल बांध' त्यांना उद्देशून झालं असतं ते वेगळंच.

म्हणून आवाजाच्या रांगेला आधी कुलूप घातलं. तिथे छोट्या कुलपाचं चिन्हच असतं. ते दाबलं की ती रांग जागची हलत नाही. मग तेवढंच चित्र उचललं, जागा राखून. काळ्या पडद्यावर आई बोलू लागली. ते बघवेना, म्हणून तिथे रुखवताचं चित्र बसवलं, मोजून २७५. बसलं अगदी चपखल. पण आई 'अगं' म्हणते ती कुणाला, चकल्यांना?

रविवारी वहिनी साड्या बघायला आली होती. तिला सगळं दाखवलं, आधीचंही. तिने ते अकरा सेकंद तीनदा लावायला सांगितले.

"असू द्या, ताई," ती म्हणाली. "आईंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकतेय. त्या कुणाशी बोलतायत ते दिसायला हवं."

रुखवत काढून मूळ तुकडा परत ठेवला. जागा राखलेली होती, त्यामुळे बाकीचं काही हलवावं लागलं नाही. आत्याला अजून कळवलेलं नाही. दादा लग्नाच्या दोन दिवस आधी येणार आहे. मेंदीच्या आधी त्याला एकट्याला बसवून दाखवीन.