खोटी गोळी, खरा नेम

भुसावळ स्टेशन सोडून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात वरणगाव येते. आजूबाजूला केळीच्या बागा, कपाशीची शेतं. या गावाजवळच्या आयुध कारखान्यात आपल्या सैन्यासाठी बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. खुद्द भुसावळलाही असाच एक कारखाना आहे, तो १९४९ पासूनचा. खानदेश म्हटला की लोकांना भरीत आठवते, केळी आठवतात आणि मे महिन्यातले ऊन तर आठवतेच आठवते. पण सीमेवरच्या जवानाच्या हातातही आपल्या जिल्ह्याचे काहीतरी असते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

माझे वडील वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गोळी हा आबांच्या जिव्हाळ्याचा विषय. माझा भाचा तोफखान्यात भरती झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे आबांनीच वाटले. हाच भाचा मे महिन्यात सुट्टीवर आला होता. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही सगळे बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "आबा, सुरुवातीला आम्ही खऱ्या गोळ्या झाडल्याच नाहीत. पडद्यावर नेमबाजी केली. सिम्युलेटरवर."

आबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला! ते म्हणाले, "गोयीच खोटी, मंग शिपाई खरा कसा होईन रे भाऊ?"

आम्ही सगळे हसलो. ताई मात्र हसली नाही. भाचा तिचा एकुलता एक. तिने हळूच विचारले, "खरंच रे, उद्या तिकडे जायची वेळ आली, तर ते पडद्यावरचं शिकणं कामाला येईल ना?"

आबांचा प्रश्न थट्टेचा होता, ताईचा नव्हता. मी शाळेत गणित शिकवते. संगणकातली लढाई म्हणजे शेवटी गणितच, तेव्हा याचे उत्तर शोधायचे मी मनावर घेतले. जे सापडले ते तुम्हाला सांगते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. मॉडेल म्हणजे प्रतिकृती. तुमच्यापैकी अनेकांनी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल. त्यात बुरूज असतात, दरवाजा असतो, ओळीने उभे केलेले मावळे असतात. पण खऱ्या गडावरचे टाक्यांतले पाणी किती दिवस पुरेल, हे त्या किल्ल्यात नसते. तुम्ही हवे तेवढे घेतले आणि बाकीचे सोडून दिले. सगळी मॉडेल्स अशीच असतात. संगणकातले मॉडेल माती-दगडांऐवजी आकड्यांचे आणि नियमांचे असते, इतकेच. आणि या मॉडेलच्या आत माणसाला बसवून, त्याला खऱ्यासारखा अनुभव देणारे जे यंत्र, ते सिम्युलेटर.

भाच्याने सांगितलेला रायफलीचा सिम्युलेटर असा. हातातली रायफल वजनाला आणि आकाराला खऱ्यासारखीच. समोर मोठा पडदा, त्यावर लक्ष्य. चाप ओढला की गोळीऐवजी लेसरचा किरण निघतो. तो पडद्यावर कुठे पडला हे कॅमेरा टिपतो आणि संगणक लगेच सांगतो. दाबलेल्या हवेने खांद्याला धक्कासुद्धा बसतो. तुम्ही म्हणाल, मग यात नवे काय? व्हिडिओ गेमच तर आहे! नवे हे, की चाप ओढण्याआधी नळी किती थरथरत होती, श्वास कुठे सुटला, बोटाने झटका दिला का, हे सगळे पडद्यावर रेघ काढून दाखवता येते. खऱ्या चांदमारीत फक्त कागदाला पडलेले भोक दिसते. नेम चुकला हे कळते, का चुकला ते शिकवणाऱ्याला तर्काने ओळखावे लागते.

तोफेचे काम याहून अवघड. तोफ डोंगराच्या अलीकडे असते आणि लक्ष्य पलीकडे. तोफ चालवणाऱ्यांना ते दिसतही नाही. पुढे कुठेतरी उंचावर बसलेला निरीक्षक दुर्बिणीतून बघतो आणि 'उजवीकडे इतके, पुढे इतके' असे कळवत राहतो. ही विद्या शिकवणारी तोफखान्याची शाळा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला आहे. जळगावहून मुंबईला जाताना नाशिकरोडनंतर देवळाली स्टेशन लागते, तेच हे गाव. निरीक्षकाचे काम शिकायचे तर प्रत्येक वेळी खरा तोफगोळा कसा उडवणार? एकेक गोळा महाग, मैदान मोकळे हवे, आसपासच्या गावांना आधी सूचना द्यायला हवी. पडद्यावर मात्र दरी, धुके, रात्र, पाऊस, हवे ते उभे करता येते आणि एका दुपारीत कितीतरी वेळा सराव होतो. याच कारणाने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने सैन्यदलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचे धोरण जाहीर केले.

पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. जिवाचा आहे.

अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. तुम्ही बाजाची पेटी पाहिली असेल. तिचा भाता हवा भरतो आणि सोडतो. लिंकने १९२९ च्या सुमारास असेच भाते वापरून एक लाकडी खोके तयार केले. आत बसून दांडा हलवला की खोके विमानासारखे डावी-उजवीकडे कलायचे. लोकांना वाटले, जत्रेतला पाळणा! खरोखरच त्याची काही खोकी करमणुकीच्या बागांनी विकत घेतली. पुढे १९३४ साली तिथल्या सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. ऐन हिवाळा, वादळे, धुके. खिडकीबाहेर काही दिसत नसताना केवळ यंत्रांच्या काट्यांकडे बघून विमान चालवायचा सराव बहुतेकांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक मरण पावले. तेव्हा कुठे सैन्याला त्या खोक्याची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक त्यात बसून शिकले.

हे सगळे दूरचे वाटते का? जुलै २०२१ मध्ये आपल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात एक शिकाऊ विमान कोसळले होते. शिकवणारे वैमानिक गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून तिला डोंगरातून खाली आणले. ते विमान सैन्याचे नव्हते आणि अपघातांची कारणे अनेक असतात. पण आकाशात 'थांबा, पुन्हा एकदा करू' असे म्हणता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या खानदेशाला कळले. सिम्युलेटरमध्ये तेवढे म्हणता येते. त्याची सगळ्यांत मोठी किंमत हीच. तिथे माणूस चुकतो आणि जिवंत राहून शिकतो.

आता गणिताकडे येऊ. पडद्यावरचा गोळा कुठे पडायचा हे संगणकाला कसे कळते? तो उडीच्या उडी मारत नाही, मुंगीच्या पावलांनी जातो. गोळा आता इथे आहे, वेग इतका, पृथ्वी खाली ओढते इतकी, हवा अडवते इतकी, वारा ढकलतो इतका. तर सेकंदाच्या अगदी छोट्या भागानंतर तो कुठे असेल? तिथून पुन्हा तेच गणित. अशी हजारो पावले. गंमत म्हणजे सुरुवातीचा एक मोठा संगणक याच कामासाठी बांधला गेला. त्याचे नाव एनिअॅक. तो १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आला. तोफगोळ्याचा एक मार्ग हाताने, साध्या गणनयंत्रावर काढायला माणसाला सुमारे वीस तास लागत. एनिअॅकने तो अर्ध्या मिनिटात काढला! म्हणजे आज तुम्ही ज्यावर खेळता, त्या यंत्राच्या पणजोबाने तोफखान्यात नोकरी केली आहे.

मग काय, संगणक सांगेल ते खरे मानायचे? थांबा. अजून एक गोष्ट ऐका.

२००२ साली अमेरिकेने एक प्रचंड युद्धसराव केला. १३,५०० माणसे, २५ कोटी डॉलर खर्च. लढाईचा काही भाग मैदानावर, बराचसा संगणकात. शत्रूची भूमिका पॉल व्हॅन रायपर या निवृत्त सेनाधिकाऱ्याकडे होती. समोरच्यांची भिस्त आधुनिक यंत्रांवर. शत्रूचे संदेश पकडायचे आणि त्याचे बेत ओळखायचे, हा त्यांचा डाव. रायपरने काय केले? संदेश मोटारसायकलवरून माणसांच्या हाती पाठवले. मग छोट्या बोटी आणि क्षेपणास्त्रे एकदम सोडली. संगणकातल्या हिशेबात समोरच्यांची १६ जहाजे बुडाली! गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. खरे आश्चर्य पुढे आहे. आयोजकांनी ती बुडालेली जहाजे पुन्हा तरंगती केली, शत्रूवर बंधने घातली आणि खेळ पुढे चालवला. वैतागून रायपरने मध्येच ती भूमिका सोडली.

बघा, संगणक बरोबर होता. त्याने जे दाखवले ते माणसांना बघायचे नव्हते. कधी उलटेही होते. माणूस एखादी गोष्ट मॉडेलमध्ये घालायला विसरतो आणि संगणक ती नाहीच असे समजून बिनदिक्कत उत्तर देतो. त्याला कोण सांगणार?

हे सगळे मी त्याच सुट्टीत घरी सांगितले. आबा शांतपणे ऐकत होते. मग स्वतःच म्हणाले, "आम्ही तरी समद्या गोया कुठी झाडून पाहत होतो? थोड्या झाडा, बाकीच्याईवर भरोसा ठेवा." कारखान्यात दर लॉटमधल्या थोड्या गोळ्या काढून झाडून पाहतात. त्या नीट निघाल्या तर सगळा लॉट पास. पण त्या थोड्या झाडाव्याच लागतात. न झाडता शिक्का मारता येत नाही. मी इतके वाचून जे शोधत होते, ते आबांना कारखान्याने कधीच शिकवले होते. खोट्याने काम भागते, पण त्याला अधूनमधून खऱ्याची साक्ष लागते.

ताईने पुन्हा मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "आई, पहिला खरा गोळा उडाला ना, तेव्हा छातीत धडकी भरली. कान बंद. ते पडद्यावर नव्हतं. पण हात आपोआप चालले. पुढं काय करायचं ते आठवावं लागलं नाही." ताईने मान डोलावली. तिची काळजी संपली असे मी म्हणणार नाही. आईची काळजी कुठल्या यंत्राने संपत नाही. पण तिला उत्तर मिळाले, आणि ते खरे होते.

शाळा उघडल्यावर मी हाच प्रयोग आठवीच्या वर्गात केला. लढाईचा नाही बरं का! आग लागली तर वर्ग किती वेळात रिकामा होईल, याचा. कागदावर वर्गाचा नकाशा चौकटी आखून काढला. ४८ मुले म्हणजे ४८ हरभरे. नियम तीन. एका फेरीत हरभरा एक चौकट सरकेल. दारातून एका वेळी एकच बाहेर पडेल. दोघांना एकच चौकट हवी असेल तर फासा टाकायचा. एक फेरी म्हणजे एक सेकंद धरला. ५६ फेऱ्यांत वर्ग रिकामा! मुले खूश.

मग घड्याळ लावून खरोखर करून पाहिले. लागला १ मिनिट ३५ सेकंद. असे का? मुलांनीच शोधले. दोन बाकांमधल्या वाटेत दप्तरे होती. दाराच्या एका फळीची कडी लावलेली होती. आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीसाठी थांबली होती. यातले काहीच हरभऱ्यांना ठाऊक नव्हते. दप्तरे बाकाखाली गेली, कडी निघाली, पुन्हा धावपळ न करता बाहेर पडलो. या वेळी १ मिनिट ५ सेकंद. मैत्रिणीसाठी थांबण्याचे काय करायचे, यावर मात्र वर्गात अजून वाद चालू आहे. कुणी म्हणते, नियमच करा, थांबायचे नाही. कुणी म्हणते, जोडीनेच बाहेर पडायचे असा नियम करा.

तुम्हीही तुमच्या वर्गाचा असा नकाशा काढा. बाईंची किंवा सरांची परवानगी घ्या, आधी हरभऱ्यांनी खेळा, मग पायांनी. दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा. आणि मधल्या फरकात काय काय लपले आहे ते शोधून काढा. करून बघणार ना?