दोन्ही बाजूंची सीलं

आमच्या आरएक्स हंड्रेडचं गेअर ऑइल कमी व्हायचं, पण गाडीखाली फरशीवर एक थेंब सापडायचा नाही. तेल सायलेन्सरमधून जात होतं, पांढरा दाट धूर होऊन. क्रँकचं क्लचकडचं सील गेलं की टू-स्ट्रोक इंजिन गेअरबॉक्समधलं तेल स्वतःच ओढतं आणि जाळून टाकतं.

वडील तारापूर एमआयडीसीत फिटर होते. ग्लँड पॅकिंग, मेकॅनिकल सील हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकले असतील. केमिकलच्या पंपातून अॅसिड गळलं तर माणूस भाजतो. त्यामुळे गळती म्हटली की त्यांची झोप उडायची. शेजारच्या बुलेटखाली कायम पत्रावळीएवढा डाग असे आणि मालक खुशाल हिंडत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. फोर-स्ट्रोकमध्ये एखादं सील गेलं तर तेल टपकतं, गाडी चालते. टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखाली क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून दाबलं जाऊन वर चढतं. क्रँककेस हाच पंप, आणि तो हवाबंद ठेवायचा तो क्रँकच्या दोन टोकांवरच्या रबरी सीलांनी. मॅग्नेटकडचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, रेस सोडली तरी इंजिन भणभणत राहतं. तसंच दामटलं तर पिस्टन जाम.

1985 साली आलेलं हे मॉडेल 1996मध्ये बंद झालं. आमची गाडी शेवटच्या काळातली. चिल्हार रस्त्यावर टँकरांच्या मागे चिखल खात ती हायवेपर्यंत पळाली, कुठे कुरकुरली नाही. 2013मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, मी मुंबईची नोकरी धरली आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. तिची वाट लागली ती तेव्हा. सीलची कड तेलात भिजत राहिली तर मऊ राहते. उभ्या गाडीत ती सुकते, टणक होते. त्यात आमची खारी हवा.

वडील निवृत्त झाल्यावर पालघरच्या एका गॅरेजात इंजिन उघडलं. मिस्त्रीने जुनं सील उचकटलं आणि शाफ्टवर नख फिरवलं. नख अडकलं असतं तर खाच पडलेली, मग नवं सीलही टिकलं नसतं. अडकलं नाही. नव्या सीलच्या आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे ना, हे वडिलांनी चष्मा वर करून पाहिलं. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, कडेला ग्रीसचं बोट. मिस्त्री हातोडी उचलणार, तोच त्यांनी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग पुढे केली: एकीकडे ठोकलं की सील तिरकं बसतं, रिंगेवरून ठोकलं की सरळ. मिस्त्री हसला, पण रिंग ठेवून घेतली.

तो एकच बाजू बदलायची म्हणत होता. सील स्वस्त, उघडझाप महाग. तरी बहुतेक लोक तेवढंच करतात आणि सहा महिन्यांत परत येतात. मला हा हिशेब कधी समजला नाही. "दोन्ही घाल," वडील म्हणाले.

आता रविवारी गाडी बाहेर निघतेच. काम नसलं तर चिंचणीपर्यंत, पापलेट हवं असलं तर सातपाटीला. पुढच्या डाव्या शॉकअपचा दांडा परवापासून ओला दिसतोय. ते सील उजवीकडच्यासकट बदलायचं, हे घरात आधीच ठरलंय.