बिनपाण्याचा बोट क्लब

सबमिशनच्या ऐन धामधुमीत आम्ही नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवला. 'रोइंग क्लब सुरू करत आहोत. इच्छुकांनी नावे द्यावीत.' संध्याकाळपर्यंत त्याखाली तीन शेरे पडले होते. पहिला आपल्या खास इथल्या हिंदीत, 'रोनेका क्लब है क्या रे? इंजिनिअरिंगमें वो अलगसे कायकू होना?' दुसरा, 'आधी होस्टेलला टँकर आणा.' तिसऱ्याने नुसतंच एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. नावं आली दोन, आणि त्यातलं एक खोटं होतं.

पहिल्या शेऱ्यावर आम्हीही हसलो. (पुढे क्लबचं नाव सगळीकडे 'रोनेका क्लब' असंच पडलं, ते वेगळं.) पण दुसरा शेरा डोक्यात बसला. आपल्या शहरात नळाला पाणी यायची 'वेळ' नसते, 'दिवस' असतो. त्या दिवशी घरातला एक माणूस कुठेही जात नाही. अशा गावात वल्ही मारायचा क्लब काढायचा म्हणजे आडात नाही आणि पोहऱ्यात शोधायचं! घरच्यांनीही साधारण हेच सुनावलं, फक्त जरा जास्त डेसिबलमध्ये.

आता हे खूळ आलं कुठून? २०१६ साली मी पाचवीत होतो. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आपल्या जायकवाडीतही मृतसाठाच उरला होता. 'मृतसाठा' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि धरणात कुणीतरी मेलंय असं समजून बसलो. त्याच एप्रिलमध्ये दत्तू भोकनळ नावाचा माणूस दक्षिण कोरियात नाव वल्हवून रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. हा माणूस चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे कांद्याच्या आणि कोरड्या विहिरींच्या मुलखातला. लहानपणापासून वडिलांबरोबर विहिरी खणायच्या, दगड फोडायचे. वडील गेल्यावर घर त्याच्यावर आलं. २०१२ मध्ये तो सैन्यात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला आणि तिथे पुण्यात त्याने वल्हं हातात धरलं. तोपर्यंत त्याला पाण्याची भीतीच वाटायची. आणि चार वर्षांत रिओ! सिंगल स्कल्समध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली, शेवटी तेरावा आला, दोन हजार मीटर ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक.

पेपरमधलं ते कात्रण माझ्याकडे अजून आहे. मला त्यात पदकापेक्षा विहीर मोठी वाटते. पाणी शोधायला जमिनीत खाली जाणाऱ्या माणसाने त्याच पाठीने आणि त्याच पायांनी पाणी कापलं. कारण रोइंग हा हातांचा खेळ आहे हा निव्वळ गैरसमज आहे. सीट रुळांवर मागेपुढे सरकते, पाय फळीला बांधलेले असतात, आणि बहुतेक जोर मांड्यांतून येतो. हात शेवटी. शिवाय तुम्ही पाठमोरे जाता, पुढे काय आहे ते दिसत नाही. (तेवढी सवय आपल्याला पहिल्या सेमपासून आहेच.) एकट्याची शर्यतीची नाव साधारण आठ मीटर लांब आणि किमान चौदा किलोची. म्हणजे आमच्या होस्टेलमधली गादी बहुधा तिच्यापेक्षा जड भरेल.

दुसरं कारण पुण्याचं. तिथल्या सीओईपीत, म्हणजे १८५४ सालच्या आपल्या थोरल्या भावाकडे, बोट क्लब आहे आणि १९२८ पासून त्यांची रेगाटा चालत आलेली आहे. माझा मावसभाऊ तिथे होता. संगमाजवळच्या नदीवर ही पोरं कयाक, पंट, स्कल सगळं चालवतात. मी ते बघून परत आलो तेव्हा एसटीत अख्खा वेळ एकच विचार होता. त्यांच्याकडे नदी आहे म्हणून क्लब आहे, हे अर्धंच खरं. नदीत पाणी तुंबून राहतं ते खालच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. म्हणजे ते पाणीही माणसानेच अडवलेलं. हैदराबादला हुसेनसागरवर रोइंग होतं, तो तर सोळाव्या शतकात बांधलेला तलाव. आणि पुण्यात सैन्याच्या सीएमईमध्ये तर रोइंगसाठी सरळ कालवाच खोदलाय. मग पाणी अडवण्यात मराठवाडा काय मागे आहे? आपला नाथसागर आहे की!

इथे आमची पहिली गाडी पैठणला निघाली. हर्सूल तलाव लहान, सलीम अली सरोवर पक्ष्यांसाठी राखलेलं, मग राहिला नाथसागर. धरणाची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारा. बशीसारखा उथळ आणि रुंद. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. आम्ही तिघं तिथे नुसते बघत उभे. थर्माकोलच्या चप्पूवर बसून एक मासेमार जाळी ओढत होता. त्याला म्हटलं, "काका, इथं रेसच्या बोटी चालतील का?" तो हसला. "वारा सुटला की आमचा चप्पू पलटतोय, तुमची ती काडी कुठं टिकायची?" मोफत मिळालेला हा टेक्निकल सल्ला एकदम बरोबर होता.

परवानगीचं तर विचारूच नका. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्या ठिकाणी एका साहेबांनी मात्र बसवून चहा पाजला आणि समजावलं, की १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित येतात, हजारो मैलांवरून बदकं येतात, आणि तुमचा सीझनही नेमका हिवाळ्याचाच. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या पाण्यावर पक्ष्यांचा दाखला आमच्या आधीचा आहे, आणि रोज तिथे पोट भरणाऱ्या मासेमारांचाही. आम्ही आपले हौशी.

खरी अडवणूक घरी झाली. माझ्या आजीचं माहेर या पाण्याखाली आहे. १९७६ साली धरण सुरू झालं त्याच्या आधी शंभराहून जास्त गावं उठली, त्यातलं ते एक. मी उत्साहाने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आमच्या गावावरून नाव हाकनार का तू?" मला काही उत्तर सुचेना. मग तिनेच विचारलं, "पानी आटलं की वाड्याच्या भिंती वर येतात म्हनं. खरं हाय का?" दुष्काळाच्या साली येतात, असं ऐकलंय, एवढंच मी म्हणालो. आजीला दुष्काळ नको असतो, पण तिचं गाव दुष्काळातच दिसतं. या विषयावर आमच्यात परत बोलणं झालेलं नाही. पण नाथसागरचा आराखडा मी तेव्हाच फाईलमधून काढून टाकला.

मग काय, पाणी नाही तर नाही. अमेरिकेतल्या दोन भावांनी १९८१ मध्ये जमिनीवर वल्हवायचं यंत्र बाजारात आणलं, त्याला एर्ग म्हणतात. साखळी ओढायची, पंखा असलेलं चाक फिरतं, हवा विरोध करते. जितकं जोरात ओढाल तितका विरोध जास्त. विकतचं यंत्र आमच्या बजेटच्या बाहेर, म्हणून वर्कशॉपच्या कोपऱ्यात आम्ही आमचं उभं केलं. सायकलचं फ्रीव्हील आणि चेन, वाळूजच्या भंगारातून बॉक्स सेक्शन आणि बेअरिंग, पत्र्याची पाती, साखळी परत ओढायला इलास्टिकची दोरी. वेल्डिंग वर्कशॉपच्या मामांनी केलं, कारण आमचं त्यांना बघवेना. मॉनिटर इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीने आर्डुइनोवर बसवला. दोन स्ट्रोकच्या मधे चाकाचा वेग किती झपाट्याने उतरतो, त्यावरून तो हवेचा विरोध काढतो.

आणि इथे थर्मोडायनॅमिक्सलाही जे जमलं नव्हतं ते झालं, गणित अंगातून कळलं. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. पाचशे मीटर दोन मिनिटांत जायचं तर साधारण २०२ वॅट. तेच पावणेदोन मिनिटांत म्हणाल तर ३०२. पंधरा सेकंदांसाठी दीडपट! आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, जो जिममध्ये आरसा सोडत नाही, तो २ मिनिटं १२ सेकंदांवर जमिनीवर आडवा झाला. त्यानंतर वसंतराव नाईकांच्या नव्हे, आपल्या मेसच्या आचाऱ्याच्या हातच्या वरणभाताला त्याने कधी नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा पोरं बघायला आली. तिसऱ्या दिवशी त्यातली चार रांगेत उभी होती. टँकरचा शेरा कोणी लिहिला होता तेही तेव्हाच कळलं. तो आता रोज सकाळी साडेपाचला येतो आणि यंत्राला तेल तोच घालतो.

आज आम्ही चौदा जण आहोत, त्यात पाच मुली. बोट एकही नाही. पुण्याला पत्र गेलंय, सुट्टीत आठवडाभर त्यांच्या नदीवर शिकवाल का म्हणून. उत्तर आलं तर लगेच निघता यावं यासाठी सगळ्यांचे वाढदिवसाचे पैसे एका डब्यात जमतायत. पण कुठल्याही बोट क्लबची पहिली अट एकच असते, पोहता आलं पाहिजे. हजेरी घेतली तर चौदापैकी नऊ जणांना येत नाही! शिकणार कुठे? मी कन्नडजवळ मामाच्या विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. मामाला फोन लावला, म्हटलं, नऊ जण घेऊन येतो, मे महिन्यात.

मामा म्हणाला, "मेमध्ये येऊन गाळात पोहणार का? फेब्रुवारीतच या. आणि डबे तुमचे तुम्ही आणा."