दूरचा दर्या

मुलांनो, आधी एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत आपण नदीला 'दरिया' म्हणतो. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र. मराठी शिकताना मी या शब्दात फसलो होतो. आज तुम्हांला एका दूरच्या दर्याची ओळख करून देतो.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात जगाचा नकाशा दाखवत होतो. रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रावर मी छडी ठेवली. एका मुलाने विचारले, "सर, या समुद्राचा आपल्या परभणीशी काय संबंध?" मी हसून म्हणालो, "काही नाही. परीक्षेपुरता लक्षात ठेव." मुलगा गप्प बसला.

कारा समुद्र हा आर्क्टिक महासागराचा एक भाग आहे. त्याच्या पश्चिमेला नोवाया झेमल्या आणि पूर्वेला सेवेर्नाया झेमल्या ही बेटे आहेत. आकाराने तो महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट आहे. पण त्याचा बराचसा भाग उथळ आहे. दक्षिणेकडून ओब आणि येनिसेई या दोन प्रचंड नद्या त्याला मिळतात. समुद्राचे खारे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे येथील पाण्याचा खारेपणा कमी होतो व ते लवकर गोठते. शिवाय अटलांटिककडून येणारे कोमट पाणी नोवाया झेमल्याच्या भिंतीमुळे अडते. म्हणून वर्षातील बरेच महिने हा समुद्र बर्फाखाली असतो. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमचे सोयाबीन काढणीला आले होते. शेतात गुडघाभर पाणी साचले. पाणी ओसरल्यावर अब्बांनी एक शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली. आतल्या दाण्यांना कोंब फुटले होते. धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी त्या पिकातून भरायची होती. अब्बा एवढेच म्हणाले, "बेटा, पाऊस येतो, पण त्याची वेळ चुकते."

त्यानंतर मी वाचू लागलो. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कारा समुद्राचे नाव पाहून मी चमकलो! पांढरा बर्फ सूर्याची उष्णता परत पाठवतो. बर्फ वितळला की काळेभोर पाणी ती शोषून घेते. उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ कमी झाला, की वरच्या हवेतील वाऱ्यांच्या लाटा बदलतात. त्या बदलाचा परिणाम आशियापर्यंत पोहोचतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पही भरपूर मिळते. अशा वेळी सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले.

मुलांनो, आमचे सोयाबीन त्या बर्फामुळेच बुडाले, असे मी म्हणणार नाही. एका पावसामागे अनेक कारणे असतात. परंतु 'काही संबंध नाही' हे माझे उत्तर चूक होते. तो मुलगा आता शाळेत नाही. त्याला द्यायचे उत्तर मी तुम्हांला देत आहे. तुम्हीही वर्गात असा प्रश्न विचारा. शिक्षकांना उत्तर येत नसेल, तर ते शोधतील. मीही शोधले; फक्त उशिरा.

आज नकाशा उघडा. ओब आणि येनिसेई या नद्यांवरून बोट फिरवत उत्तरेकडे जा. उर्दूतले दोन दरिया मराठीतल्या दर्याला जेथे मिळतात, तेथे थांबा. मग बोट खाली आणून परभणीवर ठेवा. अंतर हजारो किलोमीटरचे आहे. पण वरची हवा एकच आहे.