तहानेचं माप

रोज किती पाणी प्यावं? शहरातल्या माणसाला उत्तर पाठ असतं: आठ ग्लास. हे उत्तर घेऊन वैशाखात राळेगणसिद्धीच्या शिवारात जावं. मुरमाड जमीन तापलेली असते, उन्हाळी कांदा काढायला बायका सकाळपासून वाकलेल्या असतात आणि बांधावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन असतो. ऊन माथ्यावर येईतो त्या आठ ग्लासांतलं बरंचसं पाणी घामावाटे निघून गेलेलं असतं. त्याच दिवशी पुण्यात पंख्याखाली बसलेल्या माणसाला तेवढंच पाणी पुरून उरतं. दोघांना एकच माप कसं लावायचं?

या मापाचा उगम बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. तिथल्या अन्न व पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवलं आणि लगेच पुढे म्हटलं, की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. आकडा जगभर गेला, पुढचं वाक्य मागे राहिलं. आपल्या आमटीत, कालवणात, ताकात पाणी असतंच की! २०२२ साली २६ देशांतल्या ५,६०० हून अधिक माणसांच्या शरीरातून रोज किती पाणी ये-जा करतं, ते मोजलं गेलं. वय, शरीर, हवामान आणि अंगमेहनत यांनुसार ते मोठ्या फरकाने बदलतं, असंच त्यात दिसलं.

शरीराला स्वतःचा हिशोब येतो. रक्त जरासं दाट झालं की मेंदूला कळतं. मूत्रपिंडं पाणी राखू लागतात, घशाला कोरड पडते. निरोगी माणसाने या कोरडीवर विश्वास ठेवावा. म्हाताऱ्या माणसांची मात्र तहान मंदावते. त्यांना विचारत बसू नये, तांब्या-भांडं पुढे करावं. मुतखडा होऊन गेलेल्याने तहानेची वाट न पाहता प्यावं. आणि दिवसभर घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. मीठ घातलेलं ताक शेतावर नेणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

पण तहानेवर विश्वास ठेवायचा तर पाणी हाताशी हवं. राळेगणसिद्धीचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा राळेगणचा पाझर तलाव गळत होता, पाणी ठरत नव्हतं. गावाने श्रमदानाने त्याची भिंत दुरुस्त केली आणि खालच्या सात विहिरींना ऐन उन्हाळ्यात पाणी आलं. माणसांच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मग नालाबांध झाले, समतल चर खणले गेले. वरून पडेल तो थेंब गावाच्या पोटात मुरवायचा, हे काम वर्षानुवर्षं चाललं.

मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो गावाने उसाला दिलेला नकार. एकरभर उसाला वर्षाकाठी पाऊण कोट लिटरच्या आसपास पाणी लागतं. माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर तेवढ्यात पाच हजारांवर माणसांचं वर्षभराचं पिणं भागतं. म्हणजे राळेगणएवढ्या दोन गावांचं, एका एकरात! राळेगणचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊस इथे नुसतं पीक नाही, प्रतिष्ठा आहे. तिथे एक गाव कमी पाण्याच्या पिकांवर ठाम राहिलं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तीही याच वाटेने: ऊस नाही, आणि पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर. भूमिहीनाचाही त्यात हक्क. माणसागणिक पाणी मोजायचंच असेल तर ते असं मोजावं.

आणि तरीही नळाला पाणी असलेल्या गावांतसुद्धा खूप जणी तहान मारतात. शेतावर, ऊसतोडीच्या फडात, रस्त्याच्या कामावर आडोसा नसतो, म्हणून बाई सकाळपासून घोट मोजून पिते. लघवी तुंबते, जळजळ होते, पुढे संसर्ग होतो. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला तिला दवाखान्यात मिळतो, पण तो पाळायची सोय तिच्या कामावर नसते. मजुरी ठरवताना रोजाचा आकडा बोलला जातो. त्याच बोलण्यात पाण्याचा माठ कुठे असेल आणि जवळपास संडास आहे का, हेही ठरायला हवं. शेतमालकाने ते आपण होऊन सांगावं. तिला ते मागावं लागू नये.